'गाव कुठलं?' असं विचारू नका

१९९१ च्या जनगणनेत माझा जन्म राजापूरचा लागलाय. प्रत्यक्षात मी जन्मले परळच्या एका प्रसूतिगृहात आणि वाढले काळाचौकीच्या चाळीत. राजापूर तालुक्यातलं आमचं गाव मी पाहिलं ते मे महिन्याच्या सुट्टीत नि गणपतीत, तेही दर वर्षी नाही. लग्न होऊन जोगेश्वरीला येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. प्रगणक दारात उभे, सासूबाई उंबऱ्याशी, मी आत भाकऱ्या थापतेय. "सून कुठली?" "आमच्याकडचीच, राजापूरची." त्यांनी लिहिलं. आधी कुठं राहत होती, राजापूर. का आली, लग्न. मला सगळं ऐकू येत होतं. पण नव्या सुनेनं आतून ओरडून सांगायचं का, की अहो, मी परळची? तव्यावरची भाकरी उलटली आणि गप्प बसले.

पुढे पालिकेच्या शाळेत शिक्षिका झाले, २००१ आणि २०११ ला स्वतःच प्रगणक म्हणून फिरले. निवृत्तीनंतर नमुना पाहण्यांची, म्हणजे सगळ्यांना नव्हे तर निवडक घरांनाच विचारायच्या पाहण्यांची, कामं केली, आता नव्या पोरापोरींना शिकवते. १ मार्च २०२७ ही येत्या जनगणनेची संदर्भ तारीख, त्यामुळे सध्या विचारणारे बरेच आहेत. वय, शिक्षण, धर्म हे रकाने कुणालाही भरता येतात. माणूस कुठून आला, हा रकाना भरायला मात्र कान लागतात. म्हणून त्यावरच लिहिते.

पहिली गोष्ट शीर्षकातच आहे. मुंबईत 'गाव' हा पत्ता नसतो. गाव म्हणजे कुलदैवत, सातबाऱ्यावरचं आजोबांचं नाव, गणपतीच्या गाडीचं रिझर्व्हेशन मिळालं की नाही याची चिंता. घाटकोपरला जन्मलेला, घाटकोपरच्याच कॉलेजात शिकलेला मुलगासुद्धा 'गाव कुठलं?' म्हटल्यावर बिनदिक्कत 'सावंतवाडी' सांगतो. तो खोटं बोलत नाही, तुमचा प्रश्न चुकलाय. फॉर्मला मूळ नको असतं. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: आई बाळंत झाली ते ठिकाण, आणि इथं येण्याच्या लगेच आधी माणूस जिथं राहत होता ते ठिकाण. जन्मठिकाण आपली जनगणना फार पूर्वीपासून विचारते, शेवटचं निवासस्थान १९७१ पासून आणि येण्याचं कारण १९८१ पासून.

मी असं विचारते: "तुम्ही जन्मापासून मुंबईतच, की कधी दुसरीकडे राहून आलात?" दुसरीकडे म्हणाले की, "मुंबईत यायच्या अगदी आधी कुठं राहत होता?" 'अगदी आधी' हे दोन शब्द गाळू नका. साकीनाक्याला एका रिक्षावाल्याला माझ्याबरोबरच्या मुलीनं विचारलं, "मुलुक कौनसा?" तो म्हणाला, "जौनपुर." ती लिहायला लागली. मी म्हटलं, थांब. "भैया, जौनपुर से सीधा बम्बई?" "सीधा कहाँ, मॅडम. पहले सूरत. पावरलूम पे चार साल." म्हणजे जन्म जौनपूर, शेवटचं निवासस्थान सूरत, तेही शहरी. त्या एका जादा प्रश्नाला वीस सेकंदं लागली असतील. तो विचारला नसता तर सुरतेची चार वर्षं कागदावरून पुसली गेली असती, आणि लोक उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून थेट मुंबईत उतरतात असा एक बाण नकाशावर उगाच जाड झाला असता.

आता 'मुंबईत येणं' म्हणजे कुठं येणं, ते पक्कं करून घ्या. हिशोब गाव किंवा शहर या एककाचा असतो. बृहन्मुंबई महानगरपालिकेची हद्द म्हणजे एक शहर, जिल्हे दोन असले तरी. त्यामुळे कुलाब्याहून दहिसरला गेलेला माणूस स्थलांतरित नाही. ठाण्याहून चेकनाका ओलांडून मुलुंडला आलेला मात्र आहे. पोरं हसतात, पण नियम तोच आहे. गिरणगावातली चाळ पाडली म्हणून संक्रमण शिबिरात, तिथून गोरेगावला, मग पुनर्वसनाच्या इमारतीत, असा पंधरा वर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलेला माणूस या रकान्यात जागचा हललेलाच नसतो. मला ते पटत नाही. पण पटत नाही म्हणून रकान्यात लिहायचं नसतं. शेऱ्याला जागा असली तर तिथं लिहा.

(याच न्यायानं काळाचौकीहून जोगेश्वरीला आलेली मी १९९१ ला स्थलांतरित नव्हतेच. सासूबाईंच्या एका उत्तरानं कोकणातून लग्न होऊन आलेल्या बायकांत एकीची भर पडली, एवढंच.)

जन्मठिकाणात सगळ्यात जास्त घोळ होतो तो पहिल्या बाळंतपणामुळे. बाई राहते लालबागला, पण पहिलं बाळंतपण माहेरी, चिपळूणला. सव्वा महिना, फार तर तीन महिने, की बाळ-बाळंतीण परत. बाप ठासून सांगतो, "मुलगा मुंबईचाच." जनगणनेत जन्म जिथं झाला तेच लिहायचं, चिपळूण. मग ते पोरगं चिपळूणहून आलं असंही लिहावं लागतं, आणि त्यासाठी कारणांच्या यादीत 'जन्मानंतर स्थलांतर' असा वेगळा संकेतांक असतो. तो नेमका याच पोरांसाठी आहे, 'कुटुंबासोबत' लिहून मोकळे होऊ नका. आई मात्र स्थलांतरित होत नाही, ती बाळंतपणाला गेली होती, राहायला नव्हे. एकाच टॅक्सीतून उतरलेली दोघं, त्यातला मांडीवरचा तेवढा स्थलांतरित.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते. बाप साताऱ्याहून आला, मुलं इथंच जन्मली, आणि घाईत मुलांच्या ओळीतही सातारा खाली खाली ओढला जातो. इथंच जन्मून इथंच राहिलेल्याला मागचं निवासस्थान नसतं. त्याच्यासाठी फॉर्ममध्ये जी सूचना असेल ती पाळा, बापाचं गाव त्याला चिकटवू नका.

बायकांच्या रकान्यावर जरा थांबते, कारण चुकीचं लिहायला इथं सगळेच टपलेले असतात: नवरा, सासू, शेजारीण आणि दमलेला प्रगणक. जुलै २०२० ते जून २०२१ च्या देशभरच्या श्रमबल पाहणीत स्थलांतराचं प्रमाण २८.९ टक्के आलं, त्यात पुरुषांचं १०.७ आणि बायकांचं ४७.९. स्थलांतरित बायकांपैकी ८६.८ टक्के जणींचं कारण लग्न. खेड्यापाड्यात सासरी जाणाऱ्या मुलींमुळे हा आकडा मोठाच असणार, त्यात नवल नाही. पण तो डोक्यात ठेवून दारात उभं राहिलात की बाई दिसली रे दिसली, 'लग्न' लिहून पुढं जाल.

घाटकोपरला असल्फ्याच्या चढावरचं एक घर. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी. घरी तोच होता, सुट्टीचा दिवस. बायकोचं सांगितलं, "कराडची. लग्न करून आणली." ती मोरीपाशी भांडी घासत होती. मी तिच्याकडे बघून विचारलं, "वहिनी, लग्न झाल्यावर लगेच मुंबई?"

"कुठलं ओ!" हात पुसत उठलीच ती. "सात वर्षं पाटणला काढली. सासूजवळ. हे जत्रंला यायचे नि चार दिसांत परत."

"मग आलात कशा?"

"सासू गेली. मग म्हटलं मी तिथं कुणाचं करत बसू? पोरगी शाळेला लागायची होती. ह्यांनी खोली बघितली, आलो."

बघा, यात काय काय बदललं. जन्म कराड तालुक्यातला, तो बरोबरच. शेवटचं निवासस्थान कराड नव्हे, पाटण तालुक्यातलं सासरचं गाव. कारण लग्न नव्हे. लग्नामुळे ती पाटणला गेली. मुंबईला आली ती कमावत्या नवऱ्याकडे. जनगणनेत असलं 'कुटुंबासोबत' या संकेतांकात बसतं. नमुना पाहणीत कमावत्या माणसाच्या स्थलांतरामुळे, असं साधारण लिहिलेलं असतं. तुमच्या हातातल्या फॉर्मची यादी आधी वाचा, दोन्हीकडचे शब्द एकसारखे नसतात. आणि वर्षं मोजायची ती पाटण सोडल्यापासून, लग्नापासून नाही. चार खाने, त्यातले तीन चुकले असते, आणि बाई पाच फुटांवर होती.

स्वतः कामासाठी आलेल्या बायकाही असतात. पोळ्या लाटायला, रुग्णालयात मावशी म्हणून, नवऱ्याच्या आधी येऊन नंतर त्यालाच बोलावून घेतलेल्या. त्यांचं कारण 'काम' हेच. नवरा समोर बसलेला असला की तो मान हलवतो, लिहा कुटुंबासोबत. हसून म्हणायचं, "दादा, तुमचं झालं, आता ताईंचं त्यांनाच सांगू द्या." शक्य असेल तिथं बाईचं बाईलाच विचारा. यावर मी हट्टी आहे.

आता वर्षं. किती वर्षं झाली असं विचारलं की लोक पाच, दहा, पंधरा, वीस असे पाढे म्हणतात. वस्तीत याहून वेगळं काहीतरी होतं. एका गल्लीत मला ओळीनं अकरा घरांनी १९९९ सांगितलं. सुरुवातीला वाटलं, एकाच गाडीनं आले की काय! मग ट्यूब पेटली. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घरासाठी १ जानेवारी २००० ची पात्रता तारीख आहे. दारात कागद घेऊन आलेल्या कुणालाही त्याच्या आधीचंच साल सांगायचं, हे त्या गल्लीत चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. कुणी घाबरून खोटं बोलत नव्हतं, छप्पर सांभाळत होतं. अशा ठिकाणी आधी सांगा की हे पुनर्वसनाचं नाही, आम्ही कागद बघणार नाही, पावती मागणार नाही. आणि खरंच मागू नका. हातात कुणी जबरदस्तीनं लाइटबिल ठेवलं तरी परत द्या.

मग साल विचारायचंच नाही. आठवण विचारायची. "२६ जुलैच्या पावसात तुम्ही इथं होता?" २००५ चा तो दिवस मुंबईत असलेला माणूस विसरत नाही, कुठं अडकला, कसा चालत आला, सगळं सांगतो. त्याआधीचं असेल तर १९९२-९३ च्या दंगली. गिरणगावात १९८२ चा संप. अलीकडचं असेल तर नोटाबंदी, २०१६ चा नोव्हेंबर, बँकेच्या रांगेत इथं उभे होता की गावी? लातूर-धाराशिवकडच्यांना १९९३ चा किल्लारीचा भूकंप, जुन्या माणसांना बहात्तरचा दुष्काळ. याहून सोपं म्हणजे पोरं. "आलात तेव्हा थोरली केवढी होती?" "कडेवर." "आता?" "बारावीला." झालं. पूर्ण झालेली वर्षं लिहा, वर्ष पुरं झालं नसेल तर शून्य. शून्य लिहायला पोरांचा हात का अडखळतो कळत नाही, एक लिहून मोकळी होतात.

सहा महिन्यांची कसोटी नमुना पाहणीतली. सलग सहा महिने किंवा अधिक जिथं राहिला, किंवा तेवढं राहण्याच्या इराद्यानं जिथं गेला, ते त्याचं नेहमीचं निवासस्थान. लग्नसराईला गेला, छठला गेला, आजारी आईजवळ दोन महिने राहिला, त्यानं मुंबई सुटत नाही. कामासाठी महिना ते सहा महिने बाहेर जाऊन येणारे काही पाहण्यांत वेगळे मोजतात, ते या रकान्यात घुसडू नका. इथवर सोपं आहे. मग टाळेबंदी आली.

धारावीत एक वेल्डर भेटला. २००४ पासून मुंबईत. मे २०२० मध्ये आझमगडला गेला, कसा गेला ते त्यानं सांगितलं, ते इथं लिहीत नाही. परतला जानेवारी २०२१ मध्ये. आठ महिने सलग गावी, आणि जाताना परत यायचा विचारही नव्हता. नियमानं त्याचं शेवटचं निवासस्थान आझमगड जिल्ह्यातलं गाव, आणि मुंबईतला मुक्काम जानेवारी २०२१ पासूनचा. मी वाचून दाखवलं तर तो भडकला. "बीस साल होने को आए बम्बई में, और आप लिख रही हो कल आया?" त्याचं बरोबर होतं. फॉर्मचंही बरोबर होतं. फॉर्म फक्त शेवटची उडी मोजतो. काही पाहण्यांत 'या ठिकाणी पूर्वी कधी राहत होता का?' असाही प्रश्न असतो, तिथं मी ठळक 'होय' केलं, आणि शेऱ्यात २००४ लिहून तो शेराही त्याला वाचून दाखवला. मग म्हणाला, "हाँ, अब ठीक है." चहा मागवला.

दुबईहून आठ वर्षांनी परतलेल्या माहीमच्या माणसाचंही तसंच. जन्म मुंबई, राहतो मुंबईत, शेवटचं निवासस्थान संयुक्त अरब अमिराती. त्याला ते ऐकून मजा वाटते, वेल्डरला वाटली नाही.

जिल्ह्यांची नावं आजच्या नकाशाप्रमाणे लिहायची. कणकवलीचे आजोबा 'जिल्हा रत्नागिरी' म्हणतात, कारण ते निघाले तेव्हा सिंधुदुर्ग नव्हता, तो १९८१ चा. विरारहून आलेले 'ठाणे जिल्हा' म्हणतात, २०१४ पासून तो पालघर. रांचीचा म्हातारा 'बिहार' सांगेल, लिहायचं झारखंड. आणि नुसत्या जिल्ह्याच्या नावावर राज्य गृहीत धरू नका. औरंगाबाद म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढे बीबी का मकबरा येतो, पण बिहारातही औरंगाबाद जिल्हा आहे, आणि समोरचा तिथला असू शकतो. प्रतापगड उत्तर प्रदेशातही आहे, राजस्थानातही. तालुका किंवा जवळचं रेल्वे स्टेशन विचारलं की उलगडा होतो.

देशही आजचाच. चेंबूर कॅम्पातले एक सिंधी काका, फाळणीच्या आधी कराचीत जन्मलेले. २०११ ला मी 'पाकिस्तान' लिहिताना त्यांनी माझ्या पेनाकडे बघितलं. "मैं हिंदुस्तान में पैदा हुआ था, टीचर." मी म्हटलं, हो काका. लिहिलं ते नियमाप्रमाणेच.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. जिल्हा आजचा, पण ते ठिकाण गाव होतं की शहर हे निघाला त्या वेळचं. खारघर सोडून कुणी १९८० मध्ये आला असेल तर तो गावातून आला, आज तिथं कितीही टॉवर असोत.

कारखान्यांत, म्हणजे जरीच्या, बॅगांच्या, जिथं पोरं कामाच्याच जागी झोपतात, शेठला विचारू नका. तो 'सब बिहार' म्हणून दहा ओळी एका फटक्यात भरून देतो. जेवणाच्या सुट्टीत जा, रविवारी जा, एकेकाला विचारा. मधुबनीचा असतो, सीतामढीचा असतो, मधेच एखादा मालेगावचा निघतो.

तोंडानं 'स्थलांतर' हा शब्द काढूच नका. टाळेबंदीत टीव्हीवर ऐकून लोकांना तो रस्त्यानं चालणाऱ्यांचा शब्द वाटतो, आणि या शहरात 'बाहेरचा' ठरण्याची भीती काय असते ते मी सांगायला नको. कुणी विचारलंच, हे कुणाला दाखवणार, तर सरळ सांगा: जनगणनेच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे या नोंदी कुणाला बघायला मिळत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. हे जनगणनेपुरतं. दुसऱ्या पाहणीला गेला असाल तर त्या पाहणीचा नियम सांगा, हा उसना घेऊ नका.

उठण्याआधी प्रत्येकाची ओळ मोठ्यानं वाचून दाखवा. "तुमचा जन्म इथला, याआधी तिथं होता, अमुकसाठी आलात, इतकी वर्षं झाली." कान टवकारले जातात. आतून कुणीतरी ओरडतं, "अहो नाही नाही!" माझ्या निम्म्या दुरुस्त्या या शेवटच्या मिनिटाच्या आहेत.

२०११ ला आमच्या इमारतीला दुसरीच एक बाई प्रगणक होती. माझी पाळी आली तेव्हा मी खुर्ची ओढून समोर बसले. जन्म मुंबई. जन्मापासून इथंच. ती 'बरं' म्हणून लिहायला लागली. सासूबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या, पलंगावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगो, पण गाव राजापूर लिही हो."